एकेचाळीस मिनिटांचा जबाब

एकोणीस वर्षे ज्यांचे काम इतके बिनबोभाट चालले की त्यांचे नाव कोणाच्या तोंडी येण्याचे कारणच पडले नाही, त्या धम्मानंद गजभिये यांचे नाव रुग्णालयाच्या कागदावर ठळक अक्षरांत उमटले ते थेट कारणे दाखवा नोटिशीवर. चांगल्या कामाची नोंद ठेवायला धंतोलीतल्या त्या रुग्णालयात रजिस्टर नव्हते. चुकीसाठी मात्र छापील नमुना तयार होता. नाव आणि तारीख भरली की झाले.

नोटीस बुधवारी संध्याकाळी हातात पडली आणि खुलासा गुरुवारी पाच वाजेपर्यंत मागितला होता. मंगळवारी सकाळी अतिदक्षता विभागातल्या महादेवराव नावाच्या वृद्ध रुग्णाचा पोटॅशियमचा तातडीचा रिपोर्ट तळमजल्यावरच्या लॅबमध्ये तयार झाला, परंतु दुसऱ्या मजल्यावर मेलने पोहोचायला त्याला एकेचाळीस मिनिटे लागली. मेल यंत्रणेची जबाबदारी आपली असल्याने आपणांस सेवेतून कमी का करण्यात येऊ नये, असा प्रश्न होता. रिपोर्ट फोनवर सांगायचा नाही, मेलनेच पाठवायचा, हा नियम रुग्णालयानेच केलेला; त्याचा उल्लेख नोटिशीत नव्हता. महादेवराव वाचले, ते अतिदक्षता विभागाच्या सिस्टर शोभाताईंमुळे. वाट पाहून पाहून त्या दोन जिने उतरल्या आणि लॅबमधून छापील कागद जवळजवळ हिसकावून वर घेऊन गेल्या. त्याचाही उल्लेख नव्हता.

धम्मानंदांनी नोटीस वाचली ती वडिलांच्या पद्धतीने : आधी तारीख, मग सही, मग मजकूर. त्यांचे वडील, दादाजी, जिल्हा न्यायालयाच्या नक्कल विभागात बत्तीस वर्षे नकलनवीस होते. छप्पन साली आपल्या वडिलांच्या खांद्यावर बसून दीक्षेला गेलेला तो मुलगा पुढे अक्षराच्या बळावर सरकारी खुर्चीवर बसला आणि त्या खुर्चीचा एक नियम त्याने घरी आणला. लिहिलेला शब्द चुकला तर तो खरवडायचा नाही. त्याच्यावर एकच बारीक रेघ मारायची, खालचा शब्द वाचता आला पाहिजे. शेजारी तारीख आणि सही. ‘‘खाडाखोड चूक नाही,’’ दादाजी म्हणत, ‘‘लपवलेली खाडाखोड म्हणजे चोरी.’’ धम्मानंदांनी हा नियम संगणकात नेला. मेल सर्व्हरच्या फाईलमधली कोणतीही ओळ बदलली की ते जुनी ओळ पुसत नसत. तिच्या आधी एक खूण घालून तिला निष्प्रभ करत आणि वर टिपण लिहीत : तारीख, कारण, कोणाचे सांगणे, ध. ग. ती फाईल दुसरे कोणी कधी उघडत नसे. तरीही.

गुरुवारी सकाळी बेसाच्या घरून निघताना बायकोने, सरिताने, डबा हातात देत विचारले, ‘‘रात्रभर कूस बदलून राहिले होते. काय झालं?’’

‘‘काही नाही. मेल हळू चालून राहिली.’’

‘‘मेल हळू चालून राहिली म्हणून माणूस झोपत नाही का?’’

धम्मानंदांनी डबा पिशवीत टाकला. एकोणपन्नासाव्या वर्षी ‘सेवेतून कमी’ झालेल्या माणसाला या शहरात कोण विचारतो, हे तिला सांगून काय होणार होते? नोटीस शर्टाच्या खिशात होती आणि घामाने भिजलेल्या कापडातून तिचा कोपरा छातीला टोचत होता.

आठला ते खोलीत पोहोचले. खोली म्हणजे पहिल्या मजल्यावर लिफ्टच्या यंत्रापाठीमागची बोळ. तिथेच मेल सर्व्हर, तिथेच ते. गेले पाच आठवडे सकाळी आठ ते दहा रिपोर्ट उशिरा जातात अशी कुरकुर येत होती. पाच आठवडे त्यांनी उन्हाळ्याला दोष दिला, तारांना दिला, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. तो चालू होईपर्यंत सकाळची गर्दी ओसरलेली असे आणि सगळे सुरळीत झाल्यासारखे वाटे. हा पाच आठवड्यांचा आळस नोटिशीत नव्हता, पण त्यांच्या मनात तो पहिल्या कलमासारखा बसला होता. आज तरी गर्दीच्या वेळी पाहू, म्हणून त्यांनी सर्व्हरची नोंदवही पडद्यावर उघडली. डिस्क ठीक. मेमरी ठीक. चूक म्हणून एकही ओळ नाही. माणूस तापाने फणफणलेला असावा आणि तापमापी अठ्ठ्याण्णव दाखवत राहावी, तसे.

साडेअकरापर्यंत त्यांनी दोनदा खुलासा लिहायला घेतला आणि दोन्हीदा ‘सविनय सादर’च्या पुढे हात गेला नाही. तेवढ्यात शोभाताई दारात आल्या. पन्नाशीच्या, बुटक्या, आवाज मात्र तिसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचणारा.

‘‘काय गा धम्मानंद भाऊ, चेहरा काहून असा? जसा तूच माझ्या वॉर्डात भरती होणार आहे.’’

‘‘ताई, पाच वाजता जबाब द्यायचा आहे. अन् कारणच सापडत नाही.’’

‘‘मले एक सांग. त्या बेसावाल्या तपासणी सेंटरचे रिपोर्ट पटकन येते. दहा किलोमीटरवरून! अन् आपली लॅब पायाखाली, तिचे अटकून राहते. हे कोणतं शास्त्र होय गा तुझं?’’

‘‘बेसाचे वेळेवर येतात?’’

‘‘रोज! मी तर मुलींना म्हणते, पेशंटले रिक्षात घालून बेसाले नेऊन आणा, रिपोर्ट लवकर येईन.’’ स्वतःच्या विनोदाला स्वतःच हसून त्या गेल्या.

धम्मानंद मात्र जागीच थिजले. पाच आठवड्यांत हा प्रश्न त्यांनी कोणाला विचारला नव्हता. यंत्राला शंभर प्रश्न विचारले; यंत्राची वाट पाहत उभ्या असलेल्या बाईला एकही नाही.

त्यांनी बेसाच्या ओळी एका बाजूला घेतल्या, लॅबच्या दुसऱ्या. बेसाचे यंत्र दार ठोठावी आणि सेकंदाच्या आत पत्र स्वीकारले जाई. लॅबचे यंत्र दार ठोठावी आणि मग चाळीस सेकंद काही नाही. बरोबर चाळीस. पुढचा रिपोर्ट, पुन्हा चाळीस. लॅबचा संगणक एका वेळी एकच रिपोर्ट पाठवतो, पहिला पोहोचल्याशिवाय दुसरा हातात घेत नाही. मंगळवारी सकाळी महादेवरावांचा रिपोर्ट रांगेत कितवा होता? त्यांनी बोट ठेवून मोजले, पुन्हा मोजले. बासष्टावा. बासष्ट गुणिले चाळीस : एकेचाळीस मिनिटे, वीस सेकंद. कागदावरच्या त्या उत्तराभोवती त्यांनी वर्तुळ काढले.

आणि मग त्यांना दिसले की बेसाच्या ओळीत पाठवणाऱ्या यंत्राचे नाव होते. लॅबच्या ओळीत नावाच्या जागी ‘अज्ञात’ असा शेरा होता, फक्त क्रमांक खरा. सर्व्हर दारातल्या प्रत्येकाला आत घेण्याआधी त्याचा क्रमांक घेऊन निर्देशिकेकडे जात होता आणि विचारत होता : हा कोण, याचे नाव काय? नावांची अशी निर्देशिका जगभर असते, तिला डीएनएस म्हणतात. बाहेरच्या यंत्रांची नावे ती बाहेर पटकन सांगते. रुग्णालयाच्या आतल्या यंत्रांची नावे मात्र धम्मानंदांनी स्वतः एका जुन्या संगणकात भरून ठेवली होती आणि तो जिन्याखाली बसवला होता. सर्व्हर त्याला विचारी, दहा सेकंद थांबे, पुन्हा विचारी. चार वेळा. मग थकून पत्र घेई. कारण लॅब घरातलीच, तिला प्रवेश द्यायला नावाची गरज कधी नव्हतीच.

ते जिने उतरले. जिन्याखालच्या कोनाड्यात तो जुना संगणक धूळ खात होता, दिवा विझलेला. त्याची पिन जमिनीवर पडली होती आणि त्याच्या जागी प्लगमध्ये जी वायर खोचली होती, ती प्रतीक्षालयातल्या भल्यामोठ्या कूलरची. कूलरच्या टाकीत बादलीने पाणी ओतत कांताबाई उभ्या होत्या. रोजंदारीवर झाडझूड करणाऱ्या, मुलगा गेल्यापासून नातवाला सांभाळणाऱ्या.

‘‘कांताबाई, ही पिन कोणी काढली?’’

‘‘मीच काढली नं भाऊ. एप्रिलमधी कूलर लावला तवा. पेशंटचे लोक गर्मीनं मरून राहिले होते, अन् तो डब्बा तर कोणी हात बी लावत नाही.’’ मग त्यांच्या चेहऱ्यावरून कांताबाईंना काहीतरी उमगले. बादली खाली ठेवून त्यांनी विचारले, ‘‘काहून भाऊ? काही बिघडलं का माझ्या हातून?’’

एका क्षणात खुलासा तयार झाला होता. सफाई कर्मचाऱ्याने अनधिकृतपणे विद्युतपुरवठा खंडित केला. एक वाक्य. कांताबाईंना उद्या फाटकावरूनच परत पाठवले असते, रोजंदारीला नोटीससुद्धा लागत नाही. आणि धम्मानंद गजभिये सुटले असते. खोटे त्यात एकही अक्षर नव्हते. खिशातल्या नोटिशीवर हात ठेवून ते उभे राहिले, आणि त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

‘‘काही नाही,’’ ते म्हणाले. ‘‘कूलर राहू द्या. पाणी भरा.’’

पिन त्यांनी पुन्हा लावली नाही. लावली असती तर पुढच्या उन्हाळ्यात कोणीतरी पुन्हा काढलीच असती. शिवाय आता त्यांच्यासमोर खरा प्रश्न उभा होता : सर्व्हर मुळात विचारतोच का? खालच्या मजल्यावरच्या यंत्राला, ज्याचा क्रमांक त्याला तोंडपाठ आहे, रोज शेकडो वेळा ‘तू कोण’ म्हणून कोणी विचारायला लावले?

उत्तर फाईलमध्ये होते आणि त्यांच्याच हाताने लिहिलेले होते. ‘१२ सप्टेंबर २०१८. प्रत्येक मेलच्या नोंदीत यंत्राचे नाव हवे. तोंडी आदेश, प्रशासन. ध. ग.’

त्यांना तो दिवस आठवला. कॅन्टीनच्या पाण्याच्या टाकीत पाल मरून पडली आहे, अशी निनावी मेल थेट विश्वस्तांना गेली होती. प्रशासकीय अधिकारी श्रीधर पांढरीपांडे संतापले ते पालीवर नव्हे, निनावीपणावर. ‘‘गजभिये, या इमारतीतून कोण काय पाठवतो ते नावानिशी कळलं पाहिजे.’’ नावांची त्या गृहस्थांना भारी हौस. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांनी धम्मानंदांना आडनाव विचारले होते, आणि ऐकल्यावर बोलण्याआधी क्षणभर थांबले होते. तो क्षणभराचा थांबा धम्मानंदांच्या परिचयाचा होता. शाळेच्या दारात, भाड्याच्या खोलीच्या दारात, प्रतापनगरातल्या एका घरमालकाच्या ओट्यावर त्यांनी तो मोजला होता. आदेश मिळाल्यावर त्यांनी जिन्याखाली निर्देशिका उभी केली आणि सर्व्हरला प्रत्येकाचे नाव विचारायला शिकवले. दोन आठवडे नावांची यादी छापून साहेबांच्या टेबलावर गेली. तिसऱ्या आठवड्यापासून ती कोणी मागितली नाही. पाल कोणी कळवली ते कळले नाही. टाकी धुतली की नाही, तेही. प्रश्न विचारण्याची सवय तेवढी सर्व्हरला कायमची जडली.

अडीच वाजले होते. त्यांनी त्या ओळीपुढे खूण घातली, खाली नवी ओळ लिहिली : नाव विचारू नये. मग सर्व्हरला फाईल पुन्हा वाचायला लावली आणि श्वास रोखून पडद्याकडे पाहत बसले. लॅबचा रिपोर्ट आला. दार ठोठावले, आत. दुसरा. तिसरा. चाळीस सेकंदांत एकवीस. नोंदवहीत सगळ्यांच्या नावांच्या जागी आता ‘अज्ञात’ होते आणि कोणाचे काही अडत नव्हते.

पावणेतीनला फोन वाजला. बेसाच्या केंद्रावरची रोशनी.

‘‘सर, आमचे रिपोर्ट सगळे वापस येऊन राहिले. प्रवेश नाही म्हणते. दोन अर्जंट आहेत सर!’’

धम्मानंदांच्या लक्षात आले. बेसाचे केंद्र इमारतीबाहेरचे. त्याला आत घेण्यासाठी त्यांनी स्वतंत्र परवानगी लिहिली होती, आणि ती लिहिली होती नावाने. आता सर्व्हर नाव विचारीत नव्हता. मग बेसाला ओळखणार कसा? घाईत उपटलेल्या तणाबरोबर पीकही हातात आले होते. ‘‘थांब, फोन ठेवू नको,’’ एवढेच ते म्हणाले. फाईल उघडली, बोटे दोनदा चुकीच्या कळीवर गेली. बेसाचा क्रमांक पक्का होता, वर्षानुवर्षे तोच. नावाच्या ओळीवर रेघ, खाली क्रमांक, तारीख, ध. ग.

‘‘आता पाठव.’’

पलीकडे कळफलकाची टकटक ऐकू आली. मग काही नाही. मग रोशनी म्हणाली, ‘‘गेले सर. दोन्ही गेले.’’

आठ मिनिटे. महादेवरावांची एकेचाळीस होती. बेसाच्या या दोन रुग्णांची आठ. ती आठही खुलाशात लिहायची, हे त्यांनी खुर्चीवर टेकतानाच ठरवले, कारण नाही लिहिली तर ते दादाजींच्या अर्थाने खरवडणे झाले असते.

खुलासा हाताने लिहिला. एक पान. आदेश २०१८चा, अंमलबजावणी माझी. गरज संपल्यावरही ओळ काढली नाही, ही चूक माझी. पाच आठवडे योग्य ठिकाणी शोध घेतला नाही, हीही माझी. आज दुरुस्ती करताना बेसाचे दोन तातडीचे रिपोर्ट आठ मिनिटे अडले, हीही माझीच. निर्देशिका बंद पडणे हे निमित्त. एखाद्या जुन्या संगणकाची पिन निघाल्याने रिपोर्ट अडावा अशी रचना असणे हे कारण. कांताबाईंचे नाव त्यात नव्हते. आदेशाच्या वाक्यात नाव होते : ‘श्री. पांढरीपांडे, प्रशासकीय अधिकारी, यांच्या तोंडी आदेशानुसार’.

पाचला दहा कमी असताना ते साहेबांच्या वातानुकूलित खोलीत उभे राहिले. पांढरीपांड्यांनी कागद चष्म्याखालून वाचला. एका ठिकाणी डोळे थांबले आणि मागे फिरले.

‘‘चूक कबूल केलीत, हे चांगलं केलंत. प्रांजळपणा मला आवडतो.’’

‘‘होय, साहेब.’’

‘‘पण हे वाक्य... तोंडी आदेश. सहा-सात वर्षांपूर्वीचं कोणाला आठवतं? पुरावा काय याला?’’

‘‘फाईलमध्ये त्या दिवशीचं टिपण आहे, साहेब. तारखेसह.’’

‘‘तुम्हीच लिहिलेलं.’’

‘‘होय. त्या वेळी दुसरं कोणी लिहिलं नाही.’’

पांढरीपांडे खुर्चीत मागे रेलले. आवाज मऊ झाला, आणि धम्मानंदांना तो मऊपणा नोटिशीहून अधिक भयावह वाटला. ‘‘हे बघा गजभिये. तुमच्या नोकरीवर बेतावं अशी माझी इच्छा नाही. एवढं एक वाक्य वगळून नवा कागद आणा. मी प्रकरण मिटवतो. पाच वाजायला अजून सात मिनिटं आहेत.’’

सात मिनिटे. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा त्यांना खरोखर ऐकू येत होता. बेसाचे घर, सरिताचा सकाळचा प्रश्न, एकोणपन्नास हा आकडा. त्यांनी पुढे होऊन कागद परत घेतला. साहेबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरू लागले होते.

धम्मानंदांनी कागद टेबलावर सपाट केला, ते वाक्य साहेबांकडे वळवले आणि खिशातले पेन काढून शेजारी ठेवले.

‘‘नवा कागद नको, साहेब. यावरच एक रेघ मारा. खालचं वाचता येईल अशी. आणि शेजारी सही करा, आजची तारीख घाला.’’ त्यांनी पेनाचे टोपण काढून ते पुढे सरकवले. ‘‘आमच्या वडिलांच्या ऑफिसात असंच चालायचं.’’

साहेबांनी पेनाकडे पाहिले. पेन त्यांनी उचलले नाही. कागद उचलला, खण उघडला, आत ठेवला आणि खण लोटला.

‘‘जा तुम्ही.’’

‘‘साहेब, पोच?’’

‘‘गजभिये, जा म्हटलं ना.’’

पोच मिळाली नाही. शुक्रवारी नाही, सोमवारी नाही. नोटीस मागे घेतल्याचे पत्र आले नाही आणि सेवेतून कमी केल्याचेही आले नाही. आपल्याकडे माणसाला काढायला जेवढा कागद लागतो, त्याहून कमी कागदात त्याला टांगून ठेवता येते. वरून बोलावणे आले की आजही धम्मानंदांचा हात आधी शर्टाच्या खिशाकडे जातो. खुलाशाची दुसरी प्रत त्यांनी बेसाच्या घरी दादाजींच्या जुन्या फायलीत लावली आहे, एवढेच. सरिताने ती वाचली, आणि त्यानंतर ‘मेल कशी चालून राहिली’ हे ती रोज विचारते.

खुलाशाच्या दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी सकाळी सव्वाआठला, अतिदक्षता विभागातून शोभाताईंचा फोन आला होता. घंटा ऐकताच त्यांनी हातातला चहा तसाच बाजूला ठेवला.

‘‘काय झालं ताई? अटकले का?’’

‘‘अटकले काय गा! लॅबवाली बटण दाबते न दाबते तं रिपोर्ट माझ्या समोर. साठ-सत्तर आले असतील एका दमात. मले वाचायले टाइम देशील का नाही?’’ मग त्या थांबल्या. ‘‘काहून रे, बोलत काहून नाहीस?’’

‘‘मोजून राहिलो ताई,’’ धम्मानंद म्हणाले. पडद्यावर बासष्टावी ओळ नुकतीच सरकून वर गेली होती; त्यांनी तिच्यावर बोट ठेवले, पहिल्या ओळीची वेळ पाहिली, आणि वजाबाकी दुसऱ्यांदा करायला घेतली.